डेडलिफ्टचा आकडा वाढवायचा की अंगावर मांस चढवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिममध्ये सहा-आठ महिने नेमाने गेलं की हा प्रश्न पडतोच: रॉडवरच्या प्लेटा वाढवत न्यायच्या की आरशातला माणूस मोठा करायचा? ज्यांना स्वतःच्या वजनाइतका रॉड जमिनीवरून उभं राहीपर्यंत नीट उचलता येतो (हीच डेडलिफ्ट), त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. अगदीच नवीन असाल तर ‘दोन्ही एकत्र’वाला प्रश्न आधी वाचा. बाकीचे तुम्हाला अजून वर्षभर लागणार नाहीत.

ज्याचे स्नायू मोठे तोच जास्त उचलणार. मग या दोन गोष्टी वेगळ्या कशा?

निम्मं खरं आहे. उंची सारखी, सराव सारखा, तर जाड स्नायूवाला जिंकेल. पण सराव सारखा नसतो आणि हाडंही सारखी नसतात. डेडलिफ्ट सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत आकडा झपाट्याने चढतो, तेव्हा टेप घेऊन मांडी मोजा. फारसा फरक दिसणार नाही. वाढलेली असते ती मज्जासंस्थेची तयारी. जास्त स्नायुतंतू एकाच वेळी कामाला लागतात, पोट आणि पाठ नेमक्या क्षणी घट्ट होतात, रॉड नडगीला लागून सरळ वर जातो. हे कौशल्य आहे, आणि ते बऱ्यापैकी जड वजनावरच शिकता येतं.

हाडांचं उदाहरण हवं तर अमेरिकेचा लमार गँट. १९८५ साली त्याने साधारण ६० किलोच्या शरीराने ३०० किलो उचलले. शरीराच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट करणारा तो पहिला. हात लांब, आणि स्कोलिओसिसमुळे कणा बाजूला वाकलेला, म्हणजे धड आखूड. रॉडला कापायचं अंतरच कमी. त्याच्याहून कितीतरी जास्त मांस असलेले लोक त्या आकड्याच्या आसपासही फिरकत नाहीत.

लांबच्या हिशेबात मात्र आकार लागतोच. तंत्र घोटून झालं, मज्जासंस्था शिकायची तेवढी शिकली, की पुढचे किलो नव्या मांसातूनच यायचे असतात. म्हणून मुरलेले पॉवरलिफ्टर (जास्तीत जास्त वजन उचलण्याची स्पर्धा करणारे) वर्षातले काही महिने चक्क बॉडीबिल्डरांसारखे वागतात.

म्हणजे डेडलिफ्टने शरीर बनत नाही?

बनतं, पण महाग पडतं. जमिनीवरून जड डेडलिफ्ट मारताना मांड्या, कुल्ले, कंबर, पाठ, ट्रॅप्स (मानेखालचे स्नायू), मूठ असं सगळं कामाला लागतं. त्यातलं नेमकं एकच आधी दमतं, बहुतेकांची मूठ नाहीतर कंबर. बाकीचे स्नायू अजून ताजे असताना सेट (सलग मारलेल्या उचलींची एक फेरी) संपतो. पाठीचे लॅट्स (बगलेखालचे रुंद स्नायू) तर जवळजवळ जागेवर ताणून धरलेले असतात, लांब-आखूड होतच नाहीत. वर नेलेला रॉड बरेच जण खाली सोडून देतात, म्हणजे स्नायू भाराखाली ताणला जाण्याचा जो भाग वाढीसाठी मोलाचा, तोच गेला. आणि पाच जड सेट झाल्यावर पुढचे दोन दिवस बाकीचा व्यायाम ढिला पडतो, तो खर्च वेगळा.

यावर कोणीतरी बॉडीबिल्डर रॉनी कोलमनचं नाव काढतोच. १९९८ ते २००५ असा सलग आठ वेळा मिस्टर ऑलिंपिया (बॉडीबिल्डिंगचा सर्वांत मोठा किताब), आणि डेडलिफ्ट ८०० पौंड, म्हणजे सुमारे ३६३ किलो, दोन रेप (सलग दोनदा उचलून). खरं आहे. पण त्याच माणसाने रो, पुलडाउन, लेग प्रेस यांचा जो ढीग उपसला तो त्या डेडलिफ्टच्या क्लिपमध्ये दिसत नाही. ती पाठ एकट्या डेडलिफ्टने झालेली नाही.

ताकदीसाठी किती सेट, किती रेप?

रेप कमी, वजन जास्त, सेटमध्ये विश्रांती भरपूर. कमाल वजनाच्या ७५ ते ९३ टक्क्यांत काम, एका सेटला एक ते पाच रेप, मध्ये तीन ते पाच मिनिटं. आठवड्यातून एक जड दिवस आणि एक हलका. डेडलिफ्टला स्क्वॉटपेक्षा (खांद्यावर रॉड घेऊन मारलेली बैठक) कमी डोस पुरतो, आणि माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक जिममध्ये तो गरजेपेक्षा जास्तच दिला जातो.

समजा एका रेपचं तुमचं कमाल वजन १४० किलो आहे. पहिले तीन आठवडे पाच रेपचे तीन सेट: १०५, ११०, ११५. चौथा आठवडा हलका, ९५ वर तीन रेपचे तीन सेट आणि घरी. मग १२० वर तीन-तीनचे चार सेट, पुढच्या आठवड्यात १२५ वर तीन सेट, त्यानंतर १३० वर दोन-दोनचे दोन सेट. पुन्हा एक हलका आठवडा, आणि मग कमाल वजनाची परीक्षा: १४२.५ किंवा १४५. एकही सेट रेप अडकेपर्यंत मारायचा नाही. पाचवा रेप पहिल्यासारखाच दिसला पाहिजे. ज्या दिवशी तो तसा दिसत नाही त्या दिवशी वजन कमी करायचं. वेळापत्रकात काय लिहिलंय ते त्या दिवशी बाजूला.

हलक्या दिवशी कमाल वजनाच्या ६५-७० टक्क्यांवर दोन-तीन रेपचे वेगवान सेट, किंवा रॉड जमिनीपासून वीतभर वर आल्यावर दोन सेकंद थांबून मग पूर्ण. थांबून मारलेले रेप नको वाटतात आणि म्हणूनच कामाचे असतात.

आणि आकारासाठी?

इथे एका व्यायामाचा विचार सोडून स्नायूचा विचार करायचा. प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्याला साधारण १० ते २० मेहनतीचे सेट, दोन किंवा तीन दिवसांत वाटून. रेप पाच असोत की तीस, सेट संपताना हातात एक ते तीन रेप उरलेले असले तर वाढ जवळपास सारखीच होते. सहा ते पंधरा रेप सोयीचे पडतात, कारण त्याहून जड वजनात सांधे कुरकुरतात आणि त्याहून हलक्यात दम आधी जातो.

२०१४ साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आधीपासून व्यायाम करणाऱ्या पुरुषांचे दोन गट. एकाने तीन रेपचे सात सेट मारले, दुसऱ्याने दहा रेपचे तीन. दोघांनी उचललेलं एकूण वजन सारखं ठेवलं होतं. आठ आठवड्यांनी दंडाच्या स्नायूची जाडी दोन्ही गटांत सारखीच वाढली, पण बेंच प्रेसचा आकडा जड गटात जास्त चढला. मला त्यातला वेळेचा हिशेब जास्त बोलका वाटतो: जड गटाला सत्तरेक मिनिटं लागत, दहा रेपवाले सतरा मिनिटांत मोकळे. ऑफिस सुटल्यावर आठ वाजता जिमला पोचणाऱ्याने फक्त आकारासाठी तीन-तीन रेप मारत बसू नये.

डेडलिफ्टने जे स्नायू वाढावेत असं वाटतं त्यांच्यासाठी स्वस्त पर्याय आहेत. मांडीच्या मागच्या बाजूला रोमानियन डेडलिफ्ट आणि लेग कर्ल, कुल्ल्यांना हिप थ्रस्ट, पाठीला पुल-अप आणि छाती टेकवून केलेला रो, कमरेला बॅक एक्स्टेन्शन. यातलं काहीच स्टेटसला टाकण्याइतकं भारी दिसत नाही.

रोमानियन डेडलिफ्ट म्हणजे तीच डेडलिफ्ट, फक्त अर्धी?

नाही. रॉड उभ्यानेच हातात घ्यायचा, गुडघे किंचित वाकवून तिथेच ठेवायचे आणि कुल्ले मागे ढकलत रॉड मांडीवरून खाली न्यायचा, गुडघ्याच्या थोडा खालपर्यंत. जमिनीला टेकवायचा नाही. मांडीच्या मागचा स्नायू भाराखाली ताणला जातो आणि वाढीला तेच हवं असतं. रुमानियाचा ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता वेटलिफ्टर निकू व्लाद हा व्यायाम करायचा, तो बघून अमेरिकन लोकांनी त्याला हे नाव दिलं. खाली जाताना तीन सेकंद मोजा. निम्म्या वजनातही मांड्या थरथरतील.

सुमो की नेहमीची?

दोन्ही मारून बघा, दोन-दोन महिने. पाय फाकवून केलेल्या सुमोत धड जास्त उभं राहतं, कमरेवरचा ताण कमी होतो, जांघा आणि मांडीची पुढची बाजू जास्त राबते. नेहमीच्या पद्धतीत कंबर आणि मांडीची मागची बाजू जास्त राबते. सुमो म्हणजे फसवणूक, असं म्हणणाऱ्यांनी स्पर्धेचे नियम वाचावेत, दोन्ही चालतात. आकारासाठी या वादाला फारसा अर्थ नाही.

आमच्या जिममध्ये प्लेटा लहान आहेत, रॉड फार खाली जातो. काय करू?

हा प्रश्न परदेशी व्हिडिओंत सापडत नाही, कारण तिथे तो नसतो. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटेचा व्यास ४५ सेंटीमीटर, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर. गल्लीतल्या जिममध्ये १० किलोची लोखंडी प्लेट त्याहून बरीच लहान असते, रॉड चार-पाच सेंटीमीटर खाली येतो आणि चांगल्या माणसाचीही कंबर तळाशी गोल होते. दोन्ही बाजूंना जमिनीवर एकेक प्लेट आडवी टाका आणि त्यावर रॉड ठेवा. रबराच्या मॅटची चळतही चालते. दोन्ही बाजू सारख्या उंच असल्याची खात्री करा, नाहीतर रॉड घरंगळतो.

तेवढ्यात रॉडही वजनकाट्यावर ठेवून बघा. सगळे त्याला २० किलो म्हणतात, पण कित्येक ठिकाणी तो १५ चा किंवा १२ चाही निघतो. आणि षटकोनी प्लेटांवर डेडलिफ्ट मारत असाल तर प्रत्येक रेपनंतर रॉड सरकतो. तिथे एकेक रेप सुटा मारा, पाय पुन्हा लावून.

चॉक (हाताला लावायचं चूर्ण) लावू देत नाहीत, मूठ सुटते. स्ट्रॅप (मनगटाला बांधून रॉडला गुंडाळायची पट्टी) वापरू का?

आकारासाठी खुशाल वापरा. मुठीमुळे पाठीचा सेट अर्धवट टाकण्यात काही शहाणपण नाही. आकड्यासाठी मात्र शक्य तेवढे सेट उघड्या हातांनी मारा, कारण पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत स्ट्रॅप चालत नाही. चूर्णाने जिम मळतं अशी मालकाची तक्रार असेल तर द्रव चॉक आणा. हातावर वाळतो, सांडत नाही.

एक तळवा पुढे, एक मागे अशी उलटसुलट पकड लगेच दहा-पंधरा किलो जास्त देते. त्यात तळवा पुढे केलेल्या हाताचा बायसेप फाटण्याचा धोका असतो, विशेषतः कोपर वाकवून रॉड ओढणाऱ्यांना. कोपर दोरीसारखं सरळ ठेवा. बोटांखाली अंगठा दाबून धरायची हुक पकड जास्त सुरक्षित, पण पहिले काही आठवडे अंगठा शिव्या घालतो.

पट्टा कधी बांधायचा?

कमाल वजनाच्या ८० टक्क्यांपुढे. पट्टा पाठीला टेकू देतो असा समज आहे. खरं तर पोट त्याच्यावर दाबायला मिळावं म्हणून तो असतो. पोटात श्वास भरून पट्ट्यावर दाबता येत नसेल तर तो नुसता दागिना.

डेडलिफ्टनंतर कंबर दुखते. हे चालायचंच का?

दुसऱ्या दिवशी कमरेचे स्नायू दोन्ही बाजूंना सारखे आखडलेले असतील आणि चालताफिरता मोकळे होत असतील, तर चालायचंच. उचलतानाच उसण भरली असेल तर तो दिवस तिथे थांबवा. ‘एक सेट मारून बघतो’ करू नका. पुढचे काही दिवस झोपून राहण्यापेक्षा हळूहळू चालणं बरं. दुखणं ओसरलं की निम्म्या वजनाने, गुडघ्याच्या उंचीवरून पुन्हा सुरुवात करा.

कळ कुल्ल्यातून पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल, पाऊल उचलताना जोर कमी वाटत असेल तर ट्रेनरला विचारू नका, डॉक्टरकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखा वाटला किंवा जांघेत बधिरपणा आला तर त्याच तासाला रुग्णालयात.

पाठ किंचित गोल होणं आणि भाराखाली गोल होत जाणं यात फरक आहे. छातीमागची पाठ थोडी वाकलेली, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत तशीच, असे कितीतरी मोठे लिफ्टर आहेत. कमरेचा भाग रॉड सुटताना हलला तर वजन जास्त झालंय. मोबाइल बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवून चित्रण करा. आरशात बघत मान वळवू नका.

तालमीतले पैलवान रॉडला हात न लावता एवढे ताकदवान कसे?

ताकद ज्या कामाची केली त्याच कामाची येते. जोर, बैठका, दोर चढणं, रोज अंगावर येणारा जोडीदार यांतून मूठ, मान आणि कंबर अशी तयार होते की पहिल्याच दिवशी पैलवान नवख्याहून बराच जास्त रॉड उचलेल. आणि तरी त्याच्यापेक्षा वीस किलोने हलका, दोन वर्षं डेडलिफ्ट घोटलेला मुलगा त्याला मागे टाकेल. उलट तो मुलगा मातीत उतरला तर काय होईल ते सांगायची गरज नाही.

दोन्ही एकत्र नाही का करता येणार?

पहिलं वर्षभर तर दोन्ही आपोआप एकत्रच होतं. नवीन माणसाने आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट, बेंच, रो, ओव्हरहेड प्रेस आणि पाच रेपचे दोन-तीन सेट डेडलिफ्ट एवढं केलं तरी आकडाही चढतो आणि शर्टही घट्ट होतो. निवड करायची वेळ अजून आलेलीच नसते.

त्यानंतर माझा सल्ला ऋतू वाटून घेण्याचा. चार-पाच महिने आकाराचे: जमिनीवरची डेडलिफ्ट आठवड्यातून एकदा, दोन सेट, विसर पडू नये एवढीच, बाकी सगळा जोर रोमानियन आणि रो वगैरेंवर. मग अडीच-तीन महिने आकड्याचे: वरचं १४० किलोवालं वेळापत्रक, आणि बाकीच्या व्यायामांचे सेट निम्म्यावर. दोन्ही पूर्ण ताकदीने एकदम चालवणारे साधारण सहाव्या आठवड्यात कंबर धरून बसतात. फक्त एकच ऋतू वर्षानुवर्षं चालवणारेही बघितलेत. त्यांचा आकडा तोच राहतो आणि टी-शर्टचं मापही.

खाण्याचं काय?

आकारासाठी गरजेपेक्षा रोज दोन-तीनशे कॅलरी जास्त, आणि प्रथिनं शरीराच्या किलोमागे १.६ ग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. हे घरच्या खाण्यात बसतं: चार अंडी २४, सोयाच्या ५० ग्रॅम कोरड्या वड्या २६, १०० ग्रॅम पनीर १८, अर्धा लिटर दूध १६, दोन वाट्या घट्ट डाळ १४. उरलेलं पोळी-भाकरी भरून काढते. मांसाहारी असाल तर १०० ग्रॅम कच्च्या चिकनमागे २२-२३ धरा. उपवासाच्या दिवसांत सांभाळा. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतात. खिचडीत जी काही असतात ती दाण्याच्या कुटाची. त्या दिवशी दूध-दही-पनीर वाढवा.

आकड्यासाठी वजन वाढलंच पाहिजे असं नाही. पण जेवण तोडून चरबी उतरवत असताना डेडलिफ्टचा विक्रम करायची अपेक्षा ठेवू नका.

क्रिएटिनची पूरक पावडर?

रोज तीन ते पाच ग्रॅम, कोणत्याही वेळी, साधं मोनोहायड्रेट. दोन्ही उद्दिष्टांना उपयोगी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. ‘महिन्यात बॉडी’वाली इंजेक्शनं कोणी देऊ केली तर जिम बदला.

मुलींनी जड डेडलिफ्ट मारली तर शरीर पुरुषी दिसेल का?

नाही. पुरुषांनाही एवढ्या सहज दिसत नाही, तिथे टेस्टोस्टेरॉन कितीतरी पटीने कमी असलेल्या शरीराचं काय. वरचे सगळे आकडे तसेच लागू.

आकडा महिनोन्‌महिने हलत नाहीये.

आधी रॉड कुठे अडकतो ते बघा. जमिनीवरून सुटतच नसेल तर सुरुवातीची जागा चुकते आहे किंवा मांड्या कमी पडताहेत: रॉड पायाच्या मध्यावर आणा, ओढण्याआधी हात ताणून रॉडमधली ढिलाई काढा, थांबून मारलेले रेप आणि स्क्वॉट वाढवा. गुडघ्यापाशी अडकत असेल तर बहुधा रॉड पायापासून पुढे पळालेला असतो. तिथे लॅट्स कामाचे, बगलेत काहीतरी दाबून धरल्यासारखे. वर, शेवटच्या वीतभरात अडकत असेल तर कुल्ले किंवा मूठ.

अडकायची जागा रोज वेगळी असेल तर दोष तंत्रात नाही, थकव्यात आहे. दर शनिवारी मित्रांसमोर कमाल वजन मारून बघणाऱ्यांची हीच गत असते. तपासण्याने ताकद वाढत नाही. दोन आठवडे निम्म्याने काम करा, सात-आठ तास झोपा, मग पुन्हा मोजा.

किती उचललं म्हणजे चांगलं?

हौशी पुरुषाने शरीराच्या वजनाच्या दुप्पट आणि स्त्रीने दीडपट नीट उचललं तर मी टोपी काढतो. एडी हॉलचे २०१६ मधले ५०० किलो किंवा हाफ्थोर ब्योर्नसनचे २०२० मधले ५०१ किलो यांच्याशी तुलना करू नका. ते स्ट्राँगमन नावाच्या वेगळ्या स्पर्धाप्रकाराच्या नियमांनी, स्ट्रॅप लावून, दीडशे किलोंहून जास्त वजनाच्या माणसांनी उचलले आहेत.

स्पर्धेत उतरायचं असेल तर?

पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट असा क्रम, म्हणजे डेडलिफ्टची पाळी येईपर्यंत तुम्ही दमलेले असता. प्रत्येकी तीन प्रयत्न. नाव पुकारल्यावर एका मिनिटात सुरुवात करावी लागते. रॉड वर जाताना मध्येच खाली आला, मांडीवर टेकवून ढकलला, किंवा पंचाने हात खाली करायच्या आत सोडला, तर प्रयत्न बाद. शेवटी रॉडही हातात धरूनच खाली ठेवायचा, सोडायचा नाही. गुडघ्यापर्यंतचे लांब मोजे सक्तीचे असतात. नडगी सोलली तर रॉडला रक्त लागू नये म्हणून. पहिला प्रयत्न असा ठेवा की ताप असतानाही तीन रेप निघतील. दुसरा, सरावात केलेला सर्वांत मोठा. तिसऱ्याचा आकडा दुसरा कसा गेला ते बघून सांगा. दुसऱ्याचा निकाल लागल्यावर तो कळवायलाही मिनिटभरच मिळतं, त्यामुळे दोन पर्याय आधीच कागदावर लिहून सोबत्याच्या हातात द्या.